कानाखाली आवाज

मागच्या वर्षी पावसाळ्यात माझा पुतण्या मोटरसायकलवरून घसरून पडला. हेल्मेट होतं, पण ते हँडलला अडकवलेलं! डोक्याला मार लागला, डाव्या कानातून रक्त आलं, चार दिवस दवाखान्यात काढले. नशिबानं मेंदूला काही झालं नाही. कानाचा पडदा फाटला होता, तोही दीड महिन्यात आपोआप भरून आला. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण पोरगं म्हणे, "काका, ह्या कानाला अजून कापूस कोंबल्यासारखं वाटतंय." पडदा तर भरलाय, मग आता काय राहिलं? घरातल्यांना वाटलं, मनाचे खेळ असतील. शेवटी मीच त्याला घेऊन शहरातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेलो.

आमच्या आधी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आत गेली होती. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर नेहमीच्या सुरात एकामागून एक विचारत होते, "कानात काडी, पिन काही घातलं होतं? चेंडू लागला? जवळ फटाका फुटला? कुणी कानाखाली मारलं का?"

मंडळी, मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मराठी आणि इतिहास. बाकावर बसल्या बसल्या त्या शेवटच्या प्रश्नानं मी एकदम खाली बघायला लागलो. का, ते पुढे सांगेनच. आधी कानाकडे वळू, कारण त्या दिवसानंतर तीन-चार महिने मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. नातवानं इंटरनेटवरून बरंच काढून दिलं, काही त्या डॉक्टरांनीच समजावलं.

विज्ञानाच्या पुस्तकात कानाची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे. पडदा, आणि त्यामागे हातोडी, ऐरण, रिकीब. विज्ञानाचे सर रजेवर असले की हा पाठ मी घेतलेला आहे, आणि मुलांना 'रिकीब' म्हणजे काय ते सांगताना घोड्याचं खोगीर फळ्यावर काढावं लागे. (घोड्यांच्या आणि लोहारांच्या जगातली ही नावं. 'हातोडी' आणि 'ऐरण' ही उपमा व्हेसेलियसनं 1543 च्या आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात रूढ केली. रिकीब त्याच्या नजरेतून सुटली होती, ती 1546 च्या सुमारास इटलीतल्या इंग्रासियानं दाखवली.) रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, वजन जेमतेम 3 मिलिग्रॅम. पडद्याची जाडी 0.1 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाइतकी. पण कामाचा भाग पडद्याच्या जवळजवळ 17 पट मोठ्या क्षेत्रफळावर पडलेला हवेचा दाब गोळा होऊन रिकिबीच्या तळव्यावर येतो, शिवाय हातोडी-ऐरणीची तरफ त्यात थोडी भर घालते. अंतर्कर्णात पाणी आहे. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की बहुतेक सगळा परत फिरतो. तो आत शिरावा म्हणून ही सगळी यंत्रणा!

कानाखाली मारलं की काय होतं? मी समजत होतो की धक्क्यानं पडदा फाटतो. तसं नाही. तळहात कानावर नेमका बसला की कानाच्या नळीचं तोंड क्षणभर बंद होतं आणि आतली हवा एकदम दाबली जाते. ती हवा पडदा फाडते. बॉम्बस्फोटात घडतं तेच, लहान प्रमाणात. आणि मारणारा बहुधा उजव्या हाताचा, म्हणून फाटतो तो बहुधा डावा पडदा.

आता ह्या फाटलेल्या पडद्याचं माणसानं काय काय केलं ते पाहा. आपल्याकडे सुश्रुतानं कानाची तुटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती सांगितल्या आहेत. आपण त्याचा अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. पण पाळी बाहेर दिसते. पडदा आत, वाकड्या अंधाऱ्या नळीच्या तळाशी. तिथे उजेड पोचायलाच शतकं गेली. 1640 साली मार्कुस बान्झर नावाच्या जर्मन वैद्यानं एक तोड सुचवली. एका बारीक नळीच्या टोकाला डुकराच्या मूत्राशयाची पातळ त्वचा ताणून बांधायची आणि ती नळी कानात बसवायची. खोट्या पडद्याची ही सर्वांत जुनी नोंद समजतात.

त्यानंतर दीडशे वर्षं फारसं काही घडलं नाही. सर्वसाधारण समजूत अशी, की पडदा गेला म्हणजे ऐकणं गेलं. ती मोडली लंडनच्या ॲस्टली कूपरनं. 1800 साली त्यानं रॉयल सोसायटीपुढे एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याची हकिगत मांडली. ह्या मुलाच्या एका कानाचा पडदा पूर्ण गेलेला, दुसऱ्याचा बराचसा. तोंडात धूर घेऊन तो कानांतून काढून दाखवी! आणि तरीही तो लोकांशी गप्पा मारत असे, इतकंच नव्हे तर बासरी चांगली वाजवत असे. पडद्याशिवायही आवाज आत जातो, फक्त कमी जातो, हे ह्या एका मुलामुळे सिद्ध झालं. कूपर मग उलट्या वाटेनं गेला. घसा आणि कान जोडणारी नळी बंद झाल्यामुळे ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या पडद्याला त्यानं मुद्दाम भोक पाडलं, आणि काहींना तिथल्या तिथे ऐकू यायला लागलं. 1801 सालचं कोप्ली पदक त्याला मिळालं. पण बातमी पसरली तसे सगळ्या प्रकारचे बहिरे त्याच्या दारात उभे राहिले. बहुतेकांना त्याचा काही उपयोग होणार नव्हता. कंटाळून त्यानं कानाचं काम सोडूनच दिलं.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट 1841 ची. न्यूयॉर्कहून आलेल्या एका बहिऱ्या माणसानं जेम्स यर्सली ह्या लंडनच्या डॉक्टरला सांगितलं, की मी कागदाची सुरळी ओली करून कानात पार आत सरकवतो आणि मला ऐकू येतं. डॉक्टरला शिकवणारा रोगी! यर्सलीनं कागदाऐवजी ओल्या कापसाची गोळी वापरून पाहिली आणि पुढे कितीतरी लोकांना तिचा उपयोग झाला. 1853 मध्ये जोसेफ टॉयनबीनं रबराची बारीक चकती चांदीच्या तारेवर बसवून पडदा तयार केला. रोगी ती स्वतः घालायचा, स्वतः काढायचा.

टॉयनबी हे नाव वाचून मी थबकलो. इतिहासकार अर्नॉल्ड टॉयनबी यांचे हे आजोबा. आणि 'औद्योगिक क्रांती' हा शब्दप्रयोग ज्यांच्या व्याख्यानांमुळे इंग्रजीत रुळला ते दुसरे अर्नॉल्ड टॉयनबी, ते या जोसेफचे चिरंजीव. तीस वर्षं औद्योगिक क्रांती शिकवली, पण हे घराणं कानाच्या डॉक्टरचं आहे हे कधी कळलं नव्हतं. या माणसानं सुमारे दोन हजार मृत कान उघडून पाहिले होते. बहिरेपणामागे कानात प्रत्यक्ष काय बिघडतं हे त्यामुळे कळायला लागलं. 1866 साली, कानातल्या सततच्या गुणगुणीवर उपाय शोधताना त्यानं क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्लाची वाफ स्वतःवर अजमावली, आणि त्यातच गेला. जवळ घड्याळ आणि प्रयोगाच्या नोंदी सापडल्या.

अमेरिकेत बॉस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेकनं 1887 मध्ये साध्या कागदाचं ठिगळ लावायला सुरुवात केली. (हाच ब्लेक 1874 मध्ये ग्रॅहॅम बेलला मृत माणसाचा खराखुरा कान, हाडांसकट, प्रयोगासाठी देतो. त्या कानाला गवताची काडी जोडून बेलनं बोलण्याच्या रेघा काजळी धरलेल्या काचेवर उमटवल्या. दोन वर्षांनी टेलिफोन आला.) कागदाचा पडदा काही आवाज मोठा करत नाही. तो फक्त मांडव घालतो, आणि त्या मांडवावरून पडद्याची नवी त्वचा सरपटत पलीकडे पोचते. काम झालं की कागद आपोआप बाहेर येतो, कारण पडद्यावरची त्वचा मधल्या भागातून कडेकडे आणि तिथून नळीतून बाहेर अशी रोज केसभर सरकत असते. कान स्वतःच मळ बाहेर ढकलतो तो ह्याच वाटेनं. आणि आपण कानकोरण्यानं, काडीनं तो परत आत ढकलतो!

खरी गोम इथेच आहे. मारानं फाटलेला पडदा, दहातल्या आठांचा तरी, काही न करता भरून येतो. कान कोरडा ठेवायचा, पाणी नाही, तेल नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि सहा-आठ आठवडे थांबायचं. फाटलेली कड आत मुडपली असेल तर दुर्बिणीखाली सरळ करायची. तीन महिन्यांत भरला नाही तर पुढचा विचार. पण 'काही करू नका' हा उपचार माणसाला पटत नाही. डॉक्टरांना पटायला वेळ लागला, घरच्यांना तर अजून पटत नाही. कान दुखला की कोमट तेल! लसूण तळून घातलेलं! पडदा शाबूत असेल तर एक वेळ ठीक, पण फाटलेल्या पडद्यातून ते तेल थेट मध्यकर्णात जातं आणि पू धरतो. पू धरला की जखम भरत नाही, भोक कायमचं होतं.

अशा कायमच्या भोकासाठी 1878 मध्ये जर्मनीच्या बर्टहोल्डनं त्वचेचा तुकडा लावून पाहिला. कल्पना बरोबर होती, काळ चुकीचा होता. जंतुसंसर्गावर औषध नव्हतं, दिसत धड नव्हतं. पुढे 1921 मध्ये स्वीडनच्या नायलेननं कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. मग पेनिसिलिन आलं. 1950 नंतर जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर या दोघांनी पडद्याची आणि हाडांची दुरुस्ती एकत्र बसवली, आणि 1953 मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला. सुरुवातीला तेही त्वचाच लावत. पण त्वचा ती त्वचाच, तिची खपली निघते, ती ओल धरते. मग शिरेचा तुकडा वापरून पाहिला गेला, आणि अखेर हेरमान ह्या जर्मन शल्यविशारदानं 1950 च्या दशकाच्या शेवटी कानशिलावरच्या स्नायूचं पांढरं आवरण वापरलं. त्याच कापातून हाताशी येणारं, पातळ, चिवट, आणि रक्तपुरवठा मिळेपर्यंत तग धरणारं. आजही बहुतेक ठिकाणी तेच लावतात. कानशिल... ज्यावर आपण मारतो, पडदा दुरुस्त करायला कापड तिथलंच.

आता पुतण्याची गोष्ट. डॉक्टरांनी नादकाटा घेतला. आधी तो वाजवून कानासमोर धरला, मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. पोरगा म्हणाला, हाडावर जास्त मोठा ऐकू येतो. निरोगी माणसाला उलट ऐकू येतं. 1855 साली रिने नावाच्या जर्मन डॉक्टरनं सांगितलेली ही साधी परीक्षा. डॉक्टर म्हणाले, "मज्जातंतू ठीक आहे. वाटेत काहीतरी तुटलंय."

तुटली होती ऐरण, म्हणजे जागेवरून निखळली होती. तिचंच का व्हावं? हातोडी पडद्यात रुतलेली आहे, तिला स्नायूचा आधार आहे. रिकीब खिडकीत कड्यानं बसवलेली, तिलाही स्नायू. ऐरण मात्र दोघींच्या मध्ये नुसती टांगलेली. एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखी! डोक्याला जोराचा हादरा बसला की पहिली तीच सुटते. आणि गंमत म्हणावी की क्रूरता, साखळी तुटली आणि पडदा भरून आला, तर भोक असतानापेक्षा कमी ऐकू येतं. भोकातून थोडा तरी आवाज आत जात होता, आता दार लागलं आणि आतला निरोप्या बेपत्ता. साठ डेसिबलपर्यंत घट होऊ शकते, म्हणजे समोरच्या माणसाचं साधं बोलणं जेमतेम कळणार. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पडदा ठणठणीत!

म्हणूनच हाडांच्या दुखापतीकडे इतकी वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. पडद्यामागे उघडून पाहायची सोय 1950 नंतरची. 1957 मध्ये स्वीडनच्या हॉल आणि रिट्झनर यांनी रोग्याचंच हाड घडवून परत साखळीत बसवायची रीत दाखवली. 1959 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाच्या जॅक हफ यांनी ऐरण आणि रिकिबीचा सांधा निखळण्यावर मोठा लेख लिहिला. त्याआधीच्या युद्धांमध्ये, अपघातांमध्ये ज्यांचे कान असे गेले, त्यांना 'जखम बरी झाली' म्हणून घरी पाठवलं गेलं असणार. पुढे प्लास्टिकचे सांधे आले, काही कानांनी ते बाहेर टाकले. 1990 च्या दशकात टायटॅनियमचे आले. आमच्या पोराला धातू लागला नाही. रक्त, सूज ओसरावी म्हणून डॉक्टरांनी काही महिने आधीच जाऊ दिले होते. मग त्याचीच ऐरण काढून, घासून, हातोडी आणि रिकीब यांच्यामध्ये बसवली. दोन महिन्यांनी तो म्हणाला, "काका, पंख्याचा आवाज येतोय." आम्ही घरात 'मनाचे खेळ' म्हणत होतो त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता राहिलेलं सांगतो.

1983 साली सातवीच्या वर्गात मी एका मुलाला कानाखाली मारलं. कारण क्षुल्लक. वाचन चालू असताना तो मागच्याशी बोलत होता. त्या काळी यात विशेष काही नव्हतं, पालकच सांगून जात, "गुरुजी, दोन द्या पण शिकवा." दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा कानात कापूस, आणि शर्टाच्या कॉलरवर तेलाचा डाग. आईनं तेल घातलं होतं. उन्हाळ्यात तो विहिरीत पोहला. कान वाहायला लागला, तो वाहतच राहिला. वर्गात तो मान एका बाजूला वळवून बसायचा. "लक्ष नसतं," असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर माझ्याच अक्षरात आहे.

त्याच सुमारास मी मुलांना एडिसनची गोष्ट सांगत असे. रेल्वेच्या गार्डनं कानाखाली मारलं म्हणून तो बहिरा झाला, पण बहिरेपणामुळे त्याचं लक्ष विचलित होईना, म्हणून तो इतका मोठा झाला वगैरे. एडिसननं पुढे स्वतःच निराळी हकिगत सांगितली होती, की चालत्या गाडीत चढताना एका माणसानं कानांना धरून वर ओढलं तेव्हापासून कान गेला. बालपणीचं आजारपण हेच खरं कारण असावं असं चरित्रकार मानतात. पण मी ती गोष्ट सांगत होतो, आणि समोर हा बसलेला होता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली. मी त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झालो. आमच्या पिढीतले पुष्कळ शिक्षक अजून म्हणतात की छडी गेली आणि शिस्त गेली. मीही म्हणत होतो.

2011 साली माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो भेटला. अठ्ठावीस वर्षांनी. वाकून पाया पडला आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "सरांनी एक दिली होती, त्याचा पडदा शहाण्णव साली नवीन बसवून घेतला!" सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, चेष्टा करतोय.

पुतण्याच्या ऑपरेशननंतर मी त्याचा नंबर मिळवून फोन केला. माफी मागायची असं ठरवलं होतं, ती मागितली. तो गडबडला, "अहो सर, जाऊ द्या, जुन्या गोष्टी." मग हळूहळू बोलला. तेरा वर्षं कान वाहत होता. पोलीस भरतीत वैद्यकीय तपासणीत बाद झाला. ऑपरेशननं कान कोरडा झाला, ऐकू मात्र पहिल्यासारखं येत नाही. "पण माझ्या पोरावर कुणाला हात टाकू दिला नाही, सर," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, माहिती दिल्यासारखं बोलला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, खेड्यातल्या मुलांचे कान सर्दीनंही वाहतात, त्याचा पडदा आधीपासूनच कमजोर असेल. तेलानं बिघडलं असेल. विहिरीच्या पाण्यानं असेल. ही सगळी कारणं मी रात्री अंथरुणात फिरवून फिरवून पाहिली. प्रत्येक कारणाच्या आधी माझा हात येतो.

फोन ठेवण्यापूर्वी त्यानं विचारलं, "सर, तुम्ही एवढं वाचलंय म्हणता, तर तेव्हा काय करायला हवं होतं?" कान कोरडा ठेवून दोन महिने थांबला असतास तर बहुतेक आपोआप भरला असता, हे मला माहीत होतं. त्याची आई अजून आहे, त्याच्याचकडे असते. मी म्हणालो, "तेव्हा आपल्याकडे कुणालाच काही कळत नव्हतं रे."